मेलेल्याच्या नावाने दावा

भगिनींनो, स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे असे कार्यकारिणीने मला सुचविले. लढाया आणि राजेरजवाडे यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून मी कोर्टकचेरीच्या इतिहासातली एक हकीकत घेतली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण दावा, तारीख, वकील, मुदत हे शब्द शिकायला आपल्याकडे शाळेत जावे लागत नाही. ज्या घरात जमिनीचा तुकडा किंवा एखादी सामाईक भिंत आहे, त्या घरातल्या बाईला ते स्वयंपाक करता करता पाठ होतात.

माझ्या आजोळी दोन चुलतघरांत एका फणसाच्या झाडावरून दावा चालला होता. झाडाचा बुंधा एका अंगणात आणि फांद्या दुसऱ्या अंगणात. फणस कोणाचा, एवढाच प्रश्न. नऊ वर्षे तारखा पडल्या. मामीच्या पाटल्या त्यात गेल्या. पुढे एका पावसाळ्यात झाडच उन्मळून पडले, तरी दावा उभाच! आम्ही मुले या गोष्टीला हसत असू. मामी मात्र कधी हसली नाही. हसण्याजोग्या दाव्याचा भार कोणाच्या अंगावर पडतो, हे मला तिच्या रिकाम्या हातांकडे पाहून समजले.

दावे सगळेच खोटे नसतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दाद मागितलीच पाहिजे. पण काही दावे असे असतात की ऐकताक्षणीच म्हणावे, “हे कसे शक्य आहे?” आणि तरीही ते वर्षानुवर्षे चालतात. मेलेल्या माणसाच्या नावाने येऊन “तो मीच” म्हणणे हा त्यातला मोठा प्रकार.

आपल्याकडे अशा माणसाला तोतया म्हणतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्या स्वारीत बरोबर होत्या. पती गेले हे त्यांच्या मनाने कधीच घेतले नाही. त्यांनी वैधव्य पत्करले नाही. पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण “मीच भाऊ” म्हणून पुढे आला. त्याला पकडून कैदेत ठेवले होते. १७७६ साली तो सुटला, कोकणातले किल्ले घेत सुटला आणि पुष्कळ माणसे त्याला मिळाली. अखेर आंग्र्यांनी त्याला धरून पुण्याला पाठविले. पंचांपुढे चौकशी झाली आणि त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे ही हकीकत आपल्याकडे घरोघरी ठाऊक झाली.

आपल्या तोतयाने तलवारीच्या जोरावर दावा केला. त्यानंतर शंभरएक वर्षांनी इंग्लंडात एक तोतया निघाला, त्याने वकिलांच्या जोरावर दावा केला. तो टिचबोर्न खटला या नावाने प्रसिद्ध आहे. आज सांगावयाची हकीकत ती.

इंग्लंडच्या दक्षिण भागात हँपशायर परगण्यात टिचबोर्न नावाचे जुने जहागीरदार घराणे होते. जहागिरीचे उत्पन्न वर्षाला वीस हजार पौंडांच्या वर. या घराण्यातला रॉजर हा थोरला मुलगा. त्याचा जन्म १८२९ सालचा, पॅरिसमधला. आई लहानपणापासून फ्रान्सात वाढलेली आणि इंग्लंड तिला मुळीच न आवडणारे; म्हणून मुलगाही सोळा वर्षांचा होईपर्यंत तिकडेच वाढला. फ्रेंच ही त्याची पहिली भाषा. इंग्रजी बोले तेही फ्रेंच वळणाचे. अंगाने सडपातळ. पुढे तो पलटणीत राहिला. कॅथरिन डाउटी ही त्याची चुलतबहीण. तिच्याशी लग्न करण्याचे त्याच्या मनात होते; पण घरच्यांना ते पसंत पडले नाही. तेव्हा मन रमविण्यासाठी १८५३ साली तो दक्षिण अमेरिकेच्या प्रवासाला गेला. एप्रिल १८५४ मध्ये रिओ दि जानेरोहून ‘बेला’ नावाच्या जहाजावर तो चढला. ते जहाज पुन्हा कोणाला दिसले नाही. समुद्रावर तरंगणारे थोडे अवशेष आणि एक उलटी होडी तेवढी सापडली. कायद्याने रॉजर मेला असे ठरले.

आईने ते ठरविले नाही. कोणी अंतर्ज्ञानाने सांगणारी बाई तिला म्हणाली की तुझा मुलगा जिवंत आहे. बुडालेल्यांपैकी काहींना दुसऱ्या जहाजाने उचलून ऑस्ट्रेलियाला नेले, अशी एक वदंताही तिच्या कानावर आली. नवरा होता तोवर तो तिला आवरीत असे. १८६२ साली तो वारला आणि दुसऱ्याच वर्षापासून लेडी टिचबोर्नने वर्तमानपत्रांत जाहिराती देण्यास सुरुवात केली. १८६५ साली त्या जाहिराती ऑस्ट्रेलियातही छापल्या गेल्या. रॉजरविषयी माहिती देणाऱ्यास मोठे बक्षीस मिळेल, असे त्यांत होते.

ऑस्ट्रेलियात वॅगा वॅगा नावाचे एक गाव आहे. तेथे टॉम कॅस्ट्रो नावाचा एक खाटीक होता. त्याचे दिवाळे वाजले होते. आपल्या वकिलापाशी बोलताना इंग्लंडात आपली इस्टेट आहे, आपण एकदा जहाज बुडून वाचलो, असे तो बोलून गेला. त्याच्या चिलमीवर रॉजरच्या नावाची आद्याक्षरेही कोरलेली होती. वकिलाने जाहिरात वाचलेली होतीच. त्याने लगेच दोन आणि दोन चार केले.

आता या माणसाला काय काय ठाऊक होते ते पाहा. त्याला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. त्याची पत्रे अशुद्ध लिहिलेली. इंग्लंडला निघण्यापूर्वी त्याने मृत्युपत्र केले, त्यात आईचे नाव हॅना फ्रान्सिस असे लिहिले. तिचे खरे नाव हेन्रिएट फेलिसिते! स्वतःच्या आईचे नाव चुकलेला मुलगा तुम्ही कधी पाहिला आहे काय? तरी हा माणूस पुढे सात-आठ वर्षे साऱ्या इंग्लंडला पुरला.

१८६६ साली नाताळच्या दिवशी तो लंडनला उतरला. घरी जायचे, आईला भेटायचे. पण त्याच संध्याकाळी तो गेला वॉपिंग नावाच्या गोदीजवळच्या गरीब वस्तीत आणि तेथल्या ऑर्टन नावाच्या खाटकाच्या कुटुंबाची चौकशी करू लागला. पुढे हीच गोष्ट त्याच्या गळ्याशी आली. पण ते नंतर.

जानेवारी १८६७ मध्ये पॅरिसला आईची आणि त्याची भेट झाली. तो आजाराचे निमित्त करून अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. आईने जवळ जाऊन त्याला न्याहाळले आणि हाच माझा रॉजर म्हणून सांगितले. त्याचे कान त्याच्या काकांसारखे आहेत, असे ती म्हणाली. सडपातळ मुलाच्या जागी एवढा लठ्ठ पुरुष, फ्रेंच विसरलेला, शाळासोबत्यांची नावे विसरलेला. पण तिने कशालाच हरकत घेतली नाही. वर्षाला हजार पौंडांची नेमणूक तिने त्याला करून दिली.

भगिनींनो, येथे हसू नये असे मला वाटते. या बाईचे दोन मुलगे. रॉजर समुद्रात गेला आणि धाकटा आल्फ्रेड फेब्रुवारी १८६६ मध्ये वारला. तेरा वर्षे वाट पाहिलेल्या आईच्या दारात एक माणूस येतो आणि ‘आई’ म्हणतो. त्याला नाही म्हणणे म्हणजे आपल्या हाताने मुलाला पुन्हा बुडविणे. पार्वतीबाईंना जी आशा सोडवली नाही, तीच या बाईला सोडवली नाही. फरक एवढाच की तिच्या आशेला वकील मिळाले.

उरलेल्या घराण्याने मात्र त्याला मानले नाही. कारण या दाव्याची दुसरी बाजू पाळण्यात होती. आल्फ्रेड वारला तेव्हा त्याची पत्नी गरोदर होती. मे १८६६ मध्ये तिला मुलगा झाला. बापाचे तोंड न पाहिलेला तो मुलगा जहागिरीचा धनी. दावा ऐकायला आला होता तो जहाजांविषयी आणि जाहिरातींविषयी. पण खरे पाहता तो एका तरुण विधवेच्या मांडीवरच्या मुलाविरुद्ध होता.

मार्च १८६८ मध्ये लेडी टिचबोर्न वारली. तोतया अंत्ययात्रेत मुख्य शोककर्ता म्हणून पुढे उभा राहिला. त्याचा सर्वांत भक्कम साक्षीदार गेला होता. पण तो मागे हटला नाही. कर्ज तर केवढे झालेले! तेव्हा त्याच्या मंडळींनी युक्ती काढली. १८७० साली ‘टिचबोर्न रोखे’ विकण्यास काढले. आज कमी पैसे द्या. दावा जिंकला की शंभर पौंड घ्या. सुमारे ४० हजार पौंड अशा रीतीने जमले म्हणतात. एवढ्या लोकांचे पैसे अडकले म्हटल्यावर तेवढ्या लोकांना तो खराच वाटू लागला! खोटा दावा चालतो तो असा. एकट्या लबाडाच्या बळावर तो दोन दिवसही टिकणार नाही. एकाचे दुःख, दुसऱ्याचा लोभ आणि तिसऱ्याची करमणूक असे तीन दगड मिळाले की मग चूल पेटते.

११ मे १८७१ रोजी दावा उभा राहिला. कामकाज शंभरहून अधिक दिवस चालले. पलटणीतले जुने शिपाई, घरचे जुने नोकर त्याच्या बाजूने साक्ष देऊन गेले, आणि त्यांतले सगळे काही विकत घेतलेले नव्हते. अँड्र्यू बोगल हा रॉजरच्या काकांचा म्हातारा सेवक. जमेकाच्या बेटावर गुलामगिरीत जन्मलेला. सिडनीत त्याने तोतयाला पाहिले आणि हेच रॉजरसाहेब असे त्याला वाटले. घराण्याकडून त्याला पन्नास पौंड सालिना मिळत असे. या साक्षीपायी ते बंद झाले. तरी त्याने आपले म्हणणे बदलले नाही. चुकीच्या गोष्टीवरही माणूस किती प्रामाणिकपणे विश्वास ठेवू शकतो, ते त्याच्यावरून दिसते.

उलटतपासणीला कोलरिज नावाचे मोठे वकील होते. ती वीसहून अधिक दिवस चालली. “हे ऐकून आपल्याला नवल वाटेल काय?” असे ते पुन्हा पुन्हा विचारीत, लंडनच्या रस्त्यांवर पोरेसोरेही ते वाक्य थट्टेने म्हणू लागली. तोतयाला सीझरचे पुस्तक लॅटिनमध्ये आहे की ग्रीकमध्ये, हे सांगता आले नाही. खरा रॉजर तर चांगल्या शाळेत तीन वर्षे शिकलेला. लोक रोज गर्दी करीत, हसत आणि घरी जात.

पण या हसण्याच्या मधोमध एक गोष्ट अशी झाली की ती वाचून माझ्या अंगावर काटा आला. प्रवासाला जाण्यापूर्वी रॉजरने एक मोहोरबंद कागद जहागिरीच्या कारभाऱ्याजवळ ठेवला होता. कारभाऱ्याने तो पुढे जाळून टाकला. त्यात काय होते असे तोतयाला विचारले, तेव्हा त्याने कॅथरिनच्या अब्रूवर शिंतोडे उडविले. आपल्यापासून ती गरोदर राहील अशी धास्ती होती, त्याबाबतच्या सूचना त्यात होत्या, असे तो भर कोर्टात म्हणाला. कॅथरिन या वेळी लेडी रॅडक्लिफ होती; नवरा, मुलेबाळे असलेली गृहिणी. तिचा या जहागिरीशी काही संबंध नाही, दाव्यात ती वादी नाही की प्रतिवादी नाही. एका अनोळखी माणसाला पैसा हवा म्हणून तिचे नाव साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आले!

सुदैवाने रॉजरच्या हातचा एक कागद तिने जपून ठेवला होता. त्यात एवढेच होते की, आमचे लग्न झाले तर मी मेरीमातेच्या नावाने एक प्रार्थनामंदिर बांधीन. एका तरुणाने केलेला साधा नवस. तो कागद नसता तर? बाईच्या बोलण्यावर किती जणांनी विश्वास ठेवला असता? तिला साक्षीला उभे राहावे लागले आणि ती राहिली.

खटला संपला तो आपल्या बायकांच्या ओळखीच्या वस्तूने. रॉजरच्या दंडावर गोंदण होते! क्रूस, हृदय आणि नांगर अशी तीन चिन्हे. त्याच्या एका शाळासोबत्याने शपथेवर सांगितले की त्या गोंदणात माझाही हात होता. तोतयाचा दंड कोरा. ज्यूरीने आम्ही पुरेसे ऐकले म्हणून कळविले. ६ मार्च १८७२ रोजी दावा कोसळला आणि शपथेवर खोटे बोलल्याबद्दल त्यालाच पकडण्याचा हुकूम झाला.

मग फौजदारी खटला. तो १८८ दिवस चालला. हा माणूस म्हणजे वॉपिंगच्या खाटकाचा मुलगा आर्थर ऑर्टन, असे सरकार पक्षाने दाखविले. त्या नाताळच्या संध्याकाळचा फेरा तेथे पुरावा झाला. ज्यूरीला निर्णयासाठी अर्धा तास लागला. २८ फेब्रुवारी १८७४ रोजी त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली.

तरीही पुष्कळ गरीब लोकांना तो खराच वाटत राहिला. कोर्ट श्रीमंतांचे, कायदा श्रीमंतांचा. एका खाटकाला जहागीर मिळू नये म्हणून हा कट, असे ते म्हणत. त्याच्या वकिलाने, केनीलीने, ही हवा इतकी तापविली की त्याची वकिलीची सनद गेली, पण १८७५ साली तो पार्लमेंटात निवडून आला. तेथे त्याने फेरचौकशीचा ठराव मांडला. विरुद्ध ४३३ मते पडली, बाजूने एक!

लोकांचा राग पोकळ नव्हता हेही मला सांगितले पाहिजे. गरिबाला कोर्टात न्याय मिळणे खरोखरच कठीण होते. पण खऱ्या अन्यायाचा राग खोट्या माणसाच्या मागे उभा केला की, खऱ्याचेही नुकसान होते. पुढच्या वेळी खरा गरीब उभा राहिला तर लोक म्हणतात, “हाही तसलाच असेल.”

तोतया १८८४ साली सुटला. लोक त्याला विसरले होते. १८९५ साली थोड्या पैशांसाठी त्याने आपण ऑर्टन असल्याचे वर्तमानपत्रात कबूल केले आणि लगेच ते परतही घेतले. १ एप्रिल १८९८ रोजी तो दारिद्र्यात वारला. म्हणजे मेला तोही एप्रिल फूलच्या दिवशी. पण नवल पुढेच आहे. टिचबोर्न घराण्याने त्याच्या शवपेटीवर ‘सर रॉजर’ या नावाची पट्टी लावण्यास हरकत घेतली नाही.

अशा दाव्यांना आळा घालण्यासाठी कायदेही झाले. कोणी एकसारखे निरर्थक दावे करीत सुटला, तर कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याला नवा दावा लावता येऊ नये, असा कायदा इंग्लंडात १८९६ साली झाला. आपल्याकडे मद्रास प्रांताने १९४९ साली तसा कायदा केला आणि महाराष्ट्राने १९७१ साली. खोट्या व त्रासदायक दाव्याबद्दल समोरच्याला भरपाई देववण्याचे कलम तर दिवाणी कायद्यात १९२२ सालीच आले. पण कायदा पैशांची भरपाई करील. कॅथरिनचे नाव चव्हाट्यावर आले ते कोणत्या कलमाने परत मिळावे? माझ्या मामीच्या पाटल्यांची गोष्ट तर कोणत्याच कागदावर नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपले वडीलधारे सांगत. मी ते पूर्ण मानीत नाही. हक्काचा वाटा मिळत नसेल, छळ होत असेल, तर बाईने ती पायरी अवश्य चढावी. न चढल्याने पुष्कळींचे नुकसान झालेले आहे. पण घरातला कोणी ईर्षेपायी, लोभापायी किंवा चार माणसांनी चढवले म्हणून दाव्याचा कागद पुढे करील आणि “येथे सही कर” म्हणेल, तेव्हा पेन उचलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. हे खरे आहे काय? यात जिंकून कोणाचे पोट भरणार? आणि ज्या बाईचा यात काही संबंध नाही, तिला यात किती भरावे लागणार?

हे प्रश्न विचारायला सातवी पुरते. ते विचारण्याचा धीर मात्र एकटीला होत नाही. चारजणी मागे असल्या की होतो. आपल्या मंडळात आपण जमतो त्याचा हाही एक उपयोग आहे, असे मी समजते.